पोपच्या दारात गाऊन आली हो!

अहो, ऐकलंत का? पण तुम्ही कुठून ऐकणार, तुम्ही कोल्हापूरला जाऊन बसलेल्या! काल कोपऱ्यावरच्या आजींकडे केवढी मजा झाली... तसं बघायला गेलं तर नुसते फोटोच दाखवायचे होते. पण थांबा, जरा अशा जास्वंदीच्या बाजूला या. डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे आणि त्यांचे कान तुम्हाला ठाऊक आहेत.

तर आजींची नात आलीय ना, अमेरिकेतली. हो, तीच, लहानपणी इथे आली की गच्चीवर भोकाड पसरायची ती. आता कॉलेजात आहे आणि तिथल्या कॉयरमध्ये गाते. आल्टो. म्हणजे बायकांतली खालची पट्टी. आजींना वाटलं होतं, मुख्य गाणारी असेल. तसं सगळ्या सोसायटीत सांगूनही झालं होतं त्यांचं. काल नातच सगळ्यांदेखत म्हणाली, "आजी, चाल सोप्रानोंना असते गं, आम्ही मधली जागा भरतो." आजींचा चेहरा असा पडला... पण सावरल्या लगेच. म्हणाल्या, "तंबोरा नसला तर गाणं उभं राहतं का?" गाण्याचे क्लास घेतलेल्या बाई त्या, अशा हरतात थोड्याच!

तर काय सांगत होते, हे अख्खं कॉयर इटलीला जाऊन आलं. व्हेनिस, पादुआ, रावेन्ना, फ्लोरेन्स आणि शेवटी रोम. चर्चेस बघायची, भिंतींवरची चित्रं बघायची आणि जिथे परवानगी मिळेल तिथे उभं राहून गायचं. पैसे कुठून आले म्हणता? अहो, तीच तर गंमत. मुलांनी स्वतः जमवले. केक विकले, आणि... हे तुमच्यापाशीच ठेवा हं... गाड्या धुतल्या. लोकांच्या! आजींच्या धाकट्या जाऊबाई तिथेच बसलेल्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई, गाड्या धुतल्या? आणि त्या कशासाठी, तर चर्चमध्ये गायला?"

आजी गप्प बसतील तर शपथ. चिवड्याची बशी पुढे केली आणि अगदी थंडपणे म्हणाल्या, "तुझ्या धाकट्याच्या व्हिसाच्या वेळी वांद्र्याला माऊंट मेरीला मेणबत्ती लावून आलीस, तेव्हा कुठली गं देवी होती ती?" संपलं! जाऊबाईंनी खाली मान घालून चिवड्यातले शेंगदाणे निवडायला घेतले.

मग टीव्हीवर फोटो सुरू झाले. पहिलं व्हेनिस. ते सान मार्को नाही का, पाच घुमटांचं, आतून सगळं सोनेरी. आठ हजार चौरस मीटरच्या वर मोझॅइक आहे म्हणे, छत-भिंती धरून. डॉक्टरीणबाई लगेच खुर्ची ओढून पुढे सरकल्या. त्या मागे ती सात देशांची टूर करून आल्यात ना, आणि ते आपल्याला विसरू देत नाहीत. चार घोड्यांचा फोटो आला तशा म्हणाल्या, "हे आम्ही पाहिलेत. दारावरच आहेत, बाहेर." नात बिचारी साधी हो, तिला इथलं राजकारण काय ठाऊक? ती म्हणाली, "मावशी, बाहेरचे डुप्लिकेट आहेत. खरे आत वर ठेवलेत, तिथे जायला वेगळं तिकीट काढावं लागतं." काय सांगू तुम्हाला, नुसता पंख्याचा आवाज येत होता खोलीत! डॉक्टरसाहेबांनी तेवढ्यात पाण्याचा ग्लास उचलला आणि हळूच म्हणाले, "वेगळं तिकीट नको म्हणाली होतीस तूच." आता घरी गेल्यावर त्यांचं काय झालं असेल...

बरं, खरे घोडे तरी व्हेनिसचे कुठे? १२०४ मध्ये क्रूसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा तिथून उचलून आणलेले. मग १७९७ मध्ये नेपोलियननं ते व्हेनिसहून पॅरिसला पळवले आणि तो हरल्यावर १८१५ मध्ये परत आले. चोरावर मोर! आणि ज्यांच्या नावाचं हे चर्च, ते सेंट मार्क, तेसुद्धा पळवून आणलेले. खोटं नाही सांगत, व्हेनिसवाले स्वतःच कौतुकानं सांगतात. ८२८ मध्ये दोन व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियाहून त्यांचा देह आणला, तो कसा? टोपलीत घालून, वर डुकराचं मांस रचून. बंदरावरच्या मुसलमान तपासनिसांनी झाकण उचललं आणि तोंड फिरवलं! आणि हे लपवून ठेवलंय का? छे हो. त्याच चर्चच्या भिंतींवर मोझॅइकमध्ये अख्खी चोरी काढून ठेवलीय, तपासनिसांच्या वाकड्या तोंडांसकट.

पण गाण्याचं सांगायचं राहिलंच. तिथे त्यांना मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी गायला मिळालं. त्यांच्या मास्तरीणबाईंनी मुलांच्या दोन तुकड्या केल्या आणि दोन बाजूंना उभ्या केल्या. ही तिथली जुनी रीत. १५२७ मध्ये विलार्ट नावाचे फ्लेमिश मास्तर तिथे नेमले, पुढे गाब्रिएली काका-पुतणे आले, त्या सगळ्यांनी अशी समोरासमोरची गाणी रचून ठेवलीत. इकडच्यांनी ओळ टाकायची, तिकडच्यांनी झेलायची. आता दोन तुकड्या म्हटल्यावर कोण कुठल्या बाजूला यावरून रुसवेफुगवे आलेच, तो भाग नातीनं घाईनं उरकला, पण माझ्या लक्षात आलं! तालमीच्या वेळी म्हणे वरचे घुमट सूर सोडतच नव्हते. ओळ संपली तरी मास्तरीणबाईंचा हात वरच. आधीचा सूर विरेपर्यंत पुढचा घ्यायचा नाही. टेनरमधला एक मुलगा थांबला नाही, त्यानं दणक्यात पुढची ओळ घेतली आणि स्वतःच्याच मागच्या सुरावर आपटला. सगळे वळून बघायला लागले तसा कानापर्यंत लाल झाला. आजींनी विचारलं, "मग काय केलंत?" नात म्हणाली, "लय कमी केली आणि शब्दांची टोकं नीट तोडली. तिथे आधी ऐकायचं, मग गायचं." आजी एवढ्या खूश झाल्या ना, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू काय हे त्यांनीच शिकवलंय.

हं, आता ऐका. हे खास तुमच्यासाठी राखून ठेवलंय. पादुआ.

तिथे ते जिओत्तो चित्रकाराचं काम आहे बघा, स्क्रोव्हेन्यी चॅपेल. बाहेरून साधीच विटांची इमारत, आत गेलं की वर निळंभोर छत, चांदण्यांचं. एका वेळी फक्त पंचवीस माणसं सोडतात, तीही आधी पाव तास एका काचेच्या खोलीत बसवून. आतली हवा बिघडू नये म्हणून हो, बाहेरची धूळ आणि दमटपणा चित्रांना लागतो. आणि आत किती वेळ? पंधरा मिनिटं! कॉयर मोठं, त्यामुळे दोन फेऱ्या झाल्या आणि दुसऱ्या फेरीतली मुलं काचेआडून पहिल्यांकडे डोळे वटारून बघत बसली.

पण मुद्दा तो नाही. हे बांधलं कोणी? एन्रिको स्क्रोव्हेन्यी. त्याचा बाप नामांकित सावकार. व्याजावर एवढा गबर झाला की दान्तेनं त्याला थेट नरकात नेऊन बसवला, तापलेल्या वाळूवर. नाव घेतलं नाही हं, कवी हुशार. गळ्यातल्या थैलीवर निळी गाभण डुकरीण आहे एवढंच लिहिलं, आणि ते त्या घराण्याचं चिन्ह, म्हणजे वाचणाऱ्याला कळायचं ते कळलं! मग मुलानं हे चॅपेल बांधलं. बापाच्या पापाचं परिमार्जन म्हणून बांधलं असं पूर्वापार बोलतात. आणि आत शेवटच्या न्यायाच्या चित्रात स्वतः गुडघ्यावर बसून चॅपेलची प्रतिकृती अर्पण करतोय, म्हणजे स्वर्गाच्या बाजूला आपली जागा आपणच काढून घेतली.

हे ती सांगत होती ना, तेव्हा मी मुद्दाम बँकेतल्या काकांकडे बघितलं. अहो, आपल्या गणपतीच्या गाभाऱ्याची फरशी कोणी दिली? आणि त्या फरशीपेक्षा मोठी संगमरवरी पाटी कोणाच्या नावाची लागलीय? मी काही बोलले नाही. मी कशाला बोलू? पण काका छताकडे बघायला लागले आणि काकूंनी विचारलं, "किती वाजले हो?"

थांबा, अजून आहे. शेजारी एरेमितानी साधूंचा मठ. त्यांनी १३०५ च्या जानेवारीत लेखी तक्रार केली. काय, तर घरच्यापुरतं छोटं देऊळ बांधतो म्हणालास आणि हा काय थाट मांडलायस, वर घंटांचा मनोराही उभा करतोयस. म्हणजे घंटेवरून अर्ज देण्याची पद्धत सातशे वर्षं जुनी निघाली! आपल्याकडे आरतीच्या घंटेवरून पालिकेत अर्ज कोणी दिला होता, ते मी आता काढत नाही. तुम्हाला माहीतच आहे. त्या साधूंची तक्रार अजून जपलेली आहे, म्हणून तर आपल्याला कळतं. जिओत्तोचं काम मात्र थांबलं नाही. २५ मार्चला त्याच वर्षी चॅपेलचा अर्पणविधी झाला.

आत गाऊ देत नाहीत बरं का. पण नात म्हणाली, एक चित्र आहे, येशूला क्रुसावरून उतरवलंय आणि सगळे रडतायत. वर आकाशात छोटे छोटे देवदूतसुद्धा रडतायत, कोणी हात पसरलेत, कोणी गाल ओरबाडतंय. ते बघून त्यांच्यातला बासमधला एक धिप्पाड मुलगा, फुटबॉल खेळणारा, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कोणी त्याला हाक मारली नाही. एवढं सांगून ती पुढच्या फोटोवर गेली.

बरं, तर काय सांगत होते... पाटीचं. पाटीवरून आठवलं, रावेन्ना! तिथलं सान व्हिताले चर्च. ५४७ साली पूर्ण झालेलं, म्हणजे बघा किती जुनं. एका भिंतीवर सम्राट जस्टिनियन आणि त्याचा लवाजमा, समोरच्या भिंतीवर सम्राज्ञी थिओडोरा आणि तिच्या बायका. ती थिओडोरा हो, अस्वलवाल्याची मुलगी, नाटकात काम करायची. तिच्याशी लग्न करता यावं म्हणून कायदा बदलून घ्यावा लागला! तिच्याबद्दल प्रोकोपियस नावाच्या इतिहासकारानं चोरून जे पुस्तक लिहून ठेवलंय ना... ते मी इथे कुंपणावर नाही सांगू शकत. आत या कधीतरी. तर नवरा-बायको रावेन्नाला कधी फिरकलेसुद्धा नाहीत, पण भिंतीवर मात्र दोघं जडजवाहीर लेवून उभे.

आणि त्या सगळ्या घोळक्यात डोक्यावर नाव लिहिलेली माणसं किती? एक! सम्राटाचं नाही, सम्राज्ञीचं नाही. बिशप माक्सिमियनचं. त्याच्याच हातून अर्पणविधी झाला ना! पैसे दिले होते युलियुस आर्जेंतारियुस नावाच्या सराफानं, सव्वीस हजार सोन्याची नाणी. त्याचं नाव तिथे वर नाही. बँकेतले काका पटकन म्हणाले, "हा अन्याय आहे." आम्ही सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं! नातीला काही कळलं नाही. ती सांगत होती, बघा, बिशप सम्राटाच्या जरासा पुढे उभा आहे, पण सम्राटाच्या हातातलं सोन्याचं तबक बिशपच्या हातावरून पुढे आलंय. म्हणजे कोण पुढे, हे दोघांपैकी कोणालाच दुखवायला नको. हा कारागीर आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी पाहिजे होता.

ते मोझॅइक जवळून घेतलेला एक फोटो होता, तो मला फार आवडला. काचेचे एवढे एवढे तुकडे, नखाएवढे, आणि एकही सपाट बसवलेला नाही. दरेक किंचित तिरका. म्हणून उजेड सरकला की भिंत हलल्यासारखी वाटते. सगळे सपाट लावले असते तर बाथरूमची टाइल झाली असती, असं आपली मी म्हणाले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी नुकतंच बाथरूम करून घेतलंय.

अहो, आणि दान्तेची भानगड! त्याला फ्लोरेन्सनं १३०२ मध्ये हाकलून दिलं, परत आलास तर जिवंत जाळू म्हणाले. तो रावेन्नाला आला, तिथेच १३२१ मध्ये गेला. मग फ्लोरेन्सला उपरती झाली, आमचा कवी आम्हाला द्या! पोपकडून परवानगी आणली. १५१९ मध्ये शवपेटी उघडली तर आत काय? काही नाही. शेजारच्या मठातल्या साधूंनी भिंतीला भोक पाडून हाडं आधीच काढून घेतली होती. शेवटी १८६५ मध्ये सापडली. फ्लोरेन्सला सांता क्रोचे चर्चमध्ये मोठं स्मारक आहे, पण रिकामं. आणि आता दरवर्षी सप्टेंबरात रावेन्नाच्या समाधीवरच्या दिव्याला तेल कोण पाठवतं? फ्लोरेन्स! माणूस जिवंत असताना घराबाहेर काढायचं आणि मग श्राद्धाला तूप पाठवायचं, आपल्याकडे काय कमी आहेत अशी घरं? त्या मागच्या गल्लीतले... जाऊ दे.

फ्लोरेन्सला नात सगळ्यात जास्त वेळ कशापुढे उभी होती सांगा. तो डेव्हिड? नाही. तो मोठा घुमट? तोही नाही. कॅथेड्रलच्या म्युझियममध्ये लुका देला रोब्बियाचा संगमरवरी सज्जा आहे, गायकांचा. १४३१ ते १४३८ मध्ये घडवलेला. त्यावर गाणारी-वाजवणारी पोरं कोरलीत. आणि पोरं म्हणजे अगदी खरी! गळे फुगलेत, कपाळाला आठी, एकाचं तोंड नीट उघडलंय, एकाचं अर्धवट. थोरला मुलगा मागून धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा, त्याच हातानं त्याला ताल देतोय. नात म्हणाली, "आमच्या सगळ्यांचे चेहरे सापडले त्यात. तो तोंड अर्धवट उघडणारा कोण ते मास्तरीणबाईंनी लगेच बोट दाखवून सांगितलं." तोच हो, व्हेनिसचा टेनर! आणि हा सज्जा कॅथेड्रलमधून खाली का उतरवला? १६८८ मध्ये मेदिची घराण्यातल्या राजपुत्राचं लग्न निघालं, गाणारे-वाजवणारे जास्त, जागा पुरेना. लग्नापायी घरातलं चांगलं सामान अडगळीत, दुसरं काय. आता समोरासमोर लुकाचा आणि दोनातेल्लोचा, असे दोन्ही सज्जे ठेवलेत.

घुमटाचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल अर्धवट सांगितलं. ब्रुनेलेस्कीनं १४२० ला सुरू केला, खालून लाकडी आधार न देता चढवत नेला. पण कमिटीनं त्याच्या डोक्यावर घिबेर्ती नावाच्या दुसऱ्या कलावंताला आणून बसवलं, पगारही सारखा. काम सगळं हा करणार आणि नाव दोघांचं! मग यानं काय केलं, आजारी पडला. पोटाला शेक, अंथरुणाला खिळला. मजूर घिबेर्तीकडे गेले, पुढे काय करायचं? त्याला सांगता येईना! सगळ्या गावाला कळलं. हे आपल्याला वासारी सांगतो, १५५० मध्ये ज्यानं सगळ्या कलावंतांची चरित्रं छापली तो. अगदी माझ्या पंथातला माणूस. कोण कोणाला काय बोललं, कोणाचं तोंड कसं झालं, सगळं टिपून ठेवलंय. काही ठिकाणी पदरचं घालतो म्हणे. घालू दे की. १४३६ च्या २५ मार्चला स्वतः पोप आले आणि कॅथेड्रलचा अर्पणविधी झाला, त्या दिवशी गायला दुफाई नावाच्या संगीतकारानं खास रचना केली होती. पुन्हा २५ मार्च! फ्लोरेन्सचा तेव्हाचा पाडवा तो, वर्ष त्या दिवशी बदलायचं.

चहा घेणार का? नको? बरं, मग रोम.

आजींनी सगळीकडे काय सांगितलं होतं, "आमची नात पोपसमोर गायली." तर नात म्हणाली, पोप तिथे नव्हतेच. सेंट पीटर्समध्ये दुपारच्या मिस्साला गायली सगळी. आजींनी "तेच ते" म्हणून हात झटकला. मी तर ठरवलंय, आपण पोपच्या दारात म्हणायचं. त्यात खोटं काही नाही.

आणि गायली कोणाचं? पॅलेस्ट्रीनाचं. ह्याचं तर ऐकाच. हा पोपच्या खास गायकांत होता, सिस्टीन चॅपेलच्या. १५५५ मध्ये नवे पोप आले, चौथे पॉल, कडक. म्हणाले, लग्न झालेले गायक इथे नकोत. दिलं काढून! बायको-मुलांचा धनी, मोठा धक्का बसला त्याला. मग पुढे १५८० मध्ये बायको गेली. आता विरक्ती आली, म्हणाला, धर्मगुरू होतो. तयारी सुरू झाली. आणि वर्षभरात काय? एका श्रीमंत विधवेशी लग्न! तिच्या पहिल्या नवऱ्याचा फरचा धंदा होता, तो धंदाही सांभाळायला लागला. जाऊबाईंनी शेंगदाण्यांतून विचारलं, "मग गाणी?" अहो, एकापेक्षा एक केली. खाऊनपिऊन सुखी माणूस होता, का नाही करणार?

सिस्टीनमध्ये मात्र गायला काय, बोलायलाही बंदी. फोटो नाहीत. पहारेकरी दर दोन मिनिटांनी गप्प बसा म्हणून ओरडतो. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे दोघी सोप्रानोंना उन्हाळ्यात स्कार्फ गुंडाळून उभं राहावं लागलं. मुलं माना मोडेस्तोवर वर बघत होती. आणि मायकेलअँजेलोनं ते १५०८ ते १५१२ उभं राहून, मान मागे टाकून रंगवलं. लोक म्हणतात आडवा पडून रंगवलं, ते चूक. डॉक्टरीणबाई आडवा म्हणणार होत्या, मी बघितलं, त्यांनी तोंड उघडून मिटलं.

पण माझा जीव त्या वेदीमागच्या भिंतीवर. शेवटचा न्याय. ते रंगवत असताना पोपचा मानकरी, बियाज्जो, बघायला आला आणि म्हणाला, ही नागडी चित्रं चॅपेलमध्ये शोभत नाहीत, ही जागा हमामखान्याची. मायकेलअँजेलो एक शब्द बोलला नाही. बियाज्जोची पाठ वळली तसा त्यानं त्याचाच चेहरा नरकाच्या न्यायाधीशाला दिला. वर गाढवाचे कान! आणि अंगाला वेटोळे घातलेला साप, तो चावतोय कुठे... नातीनं तो फोटो पुस्तकातून दाखवला आणि पटकन पुढे सरकवला, पण बँकेतल्या काकू म्हणाल्या, "मागे घे गं जरा." बियाज्जो रडत पोपकडे गेला. पोप म्हणाले, स्वर्गात-पृथ्वीवर माझं चालतं, नरकात नाही रे बाबा! अजून आहे तसाच भिंतीवर, उजव्या हाताला खाली कोपऱ्यात. पुढे १५६५ मध्ये बाकीच्या बऱ्याच जणांना कापडं रंगवली, दानिएले दा व्होल्तेर्रानं. बिचारा चांगला चित्रकार, मायकेलअँजेलोच्या मर्जीतला, पण जन्माचं नाव पडलं 'चड्ड्या शिवणारा'.

आणि बाजूला वर गायकांचा सज्जा आहे. त्याच्या भिंतींवर जुन्या गायकांनी काय केलंय सांगू? आपली नावं खरवडून ठेवलीत! पोपच्या चॅपेलमध्ये! जोस्कँ, केवढा मोठा संगीतकार, १४८९ च्या सुमारास तिथे आलेला, त्याचं नावसुद्धा डागडुजीच्या वेळी निघालं. मास्तरीणबाईंनी हे सांगितल्यावर मुलं इतकी हसायला लागली की पहारेकरी पुन्हा ओरडला. तेव्हा बँकेतले काका मोठ्यांदा म्हणाले, "मग माझ्या पाटीवर एवढी चर्चा कशाला?" काकूंनी त्यांना कोपरानं ढोसलं. मला वाटतं, ती पाटी राहू द्यावी आता. फक्त जरा लहान करावी.

शेवटी इल जेझू. रोममधलं जेझुइटांचं चर्च. तिथे एका वेदीवर सोनेरी पेटीत एक हात आहे. कोणाचा? आपल्या गोव्याच्या सेंट झेवियरचा! १६१४ मध्ये काढून रोमला पाठवला, उजवा. हे ऐकलं आणि जाऊबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "अय्या! बाकीचं मी पाहिलंय की!" दर दहा वर्षांनी गोव्यात दर्शन असतं ना, मागच्या खेपेला गेल्या होत्या त्या. मग काय विचारता, रांग किती होती, नारळपाणी केवढ्याला, सगळं झालं. आजी डोळे मिटून बसल्या.

पण नात म्हणाली ते तुम्ही लक्षात ठेवा, कारण तुम्ही डिसेंबरात गोव्याला जाताय. तिथल्या बॉम जेझस चर्चमध्ये सगळे वरची चांदीची पेटी बघतात आणि परत फिरतात. ती पेटी ज्यावर आहे ना, ती संगमरवरी समाधी फ्लोरेन्सची. तिसऱ्या कोसिमो मेदिचीनं भेट दिलेली, फोज्जिनीनं घडवलेली, १६९८ मध्ये गोव्यात येऊन उभी राहिली. बदल्यात कोसिमोला संतांच्या डोक्याखालची उशी मिळाली म्हणतात. तेव्हा तुम्ही खाली बघा. समाधीला चारी बाजूंनी ब्राँझचे फलक आहेत, संतांच्या आयुष्यातल्या प्रसंगांचे. देवळात मोबाईल चालत असेल तर फोटो काढा आणि मला पाठवा. आधी मला हं. डॉक्टरीणबाईंना मी दाखवीन.